आत्सुहिमेचं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर कसं वाचायचं

जपानमध्ये शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश राज्य करायचे, त्या शोगुनशाहीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात राहिलेल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते तेन्शोइनचं, म्हणजे लग्नाआधीची आत्सुहिमे, तेराव्या शोगुनची, इएसादाची बायको. बरेच जण तिच्यापर्यंत २००८ साली एनएचके ह्या जपानी वाहिनीवर आलेल्या मालिकेतून पोचतात, मग नेटवर शोधायला बसतात आणि अर्ध्या तासात पार गोंधळतात, कारण एका पानावर तिचा जन्म १८३५ चा, दुसऱ्यावर १८३६ चा, कुठे ती शिमाझु घराण्याची मुलगी, कुठे कोनोए घराण्याची, नावं तर पाच. जपानी येत नसेल तरी हे सगळं नीट लावता येतं, फक्त कुठल्या क्रमाने वाचायचं ते माहीत हवं.

माझं म्हणणं एकच आहे. तिच्या आयुष्यातलं काहीही वाचताना आधी विचारा, ह्या क्षणी ती कोणत्या घरची आहे? राजकारण, शोगुन, युद्ध हे सगळं नंतर. तिने स्वतःच्या हाताने जे काही केलं ते घर धरून केलंय आणि ते कळलं नाही तर १८६८ मध्ये ती जे वागली ते अजिबात कळत नाही.

तर एक वही घ्या किंवा फोनवर शीट उघडा. पाच रकाने करा: जपानी तारीख, इंग्रजी तारीख, तेव्हाचं नाव, घर, आणि त्या घराचा कर्ता पुरुष. बस. पुढचं सगळं ह्यात भरत जायचं.

सुरुवात घरांपासून. ती जन्मली कागोशिमात, सात्सुमा संस्थानाच्या शिमाझु घराण्याच्या इमाइझुमी नावाच्या शाखेत. वडील शिमाझु तादाताके. हे तिचं पहिलं घर आणि तेव्हाचं नाव कात्सु. १८५३ मध्ये सात्सुमाचा दाइम्यो म्हणजे संस्थानिक शिमाझु नारिआकिरा तिला दत्तक घेतो आणि ती होते आत्सुहिमे. नात्याने नारिआकिरा तिचा चुलत भाऊ लागतो, पण शाखेतल्या घरची मुलगी शोगुनला द्यायची म्हणजे दर्जा कमी पडणार, म्हणून त्याने ती आपली सख्खी मुलगी असल्याचंच शोगुनच्या दरबारी कळवलं. त्यामुळे जुन्या कागदात "नारिआकिराची मुलगी" दिसलं तर कुणी चुकलंय असं समजू नका, तिथे तसंच लिहायचं ठरलं होतं. मग १८५६ मध्ये क्योतोच्या कोनोए तादाहिरोने तिला दत्तक घेतलं, कारण शोगुनची पट्टराणी क्योतोच्या बड्या सरदार घराण्यातली किंवा राजघराण्यातली असावी अशी रीत होती, आणि तिथे ती झाली फुजिवारा नो सुमिको. म्हणजे लग्नाला उभी राहीपर्यंत तिची तीन माहेरं झाली होती! त्यानंतर तोकुगावा हे सासर, तिथे ती मिदाइदोकोरो, म्हणजे शोगुनची पट्टराणी, आणि नवरा गेल्यावर तेन्शोइन.

एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. अकरावा शोगुन इएनारी, त्याची बायकोसुद्धा शिमाझुंचीच, तीसुद्धा कोनोएंकडे दत्तक गेलेली, आणि लहानपणी तिचंही नाव आत्सुहिमे होतं. ती पुढे कोदाइइन म्हणून ओळखली जाते, १८४४ मध्ये वारली. सर्चमध्ये दोघी मिसळतात. नवऱ्याचं नाव बघा की लगेच कळेल, इएनारी असेल तर ती जुनी, इएसादा असेल तर आपली.

आता तारखा. ह्यावर थोडा वेळ घालवा, खरंच, कारण निम्मा गोंधळ इथलाच आहे. १८७२ च्या अखेरपर्यंत जपानमध्ये चांद्र-सौर पंचांग होतं, अधिक महिना धरून, आणि १ जानेवारी १८७३ पासून आपण वापरतो ती इंग्रजी तारीख आली. त्याआधीचा "अकरावा महिना" म्हणजे नोव्हेंबर नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र महिन्याचा आकडा तसाच ठेवून फक्त वर्ष बदललेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. तिचा जन्म तेन्पो ६, बारावा महिना, १९ तारीख. तेन्पो हे शकनाम, म्हणजे त्या कालखंडाचं नाव, आणि ६ म्हणजे त्यातलं सहावं वर्ष; तेन्पो ६ म्हणजे ढोबळमानाने १८३५, म्हणून १८३५ लिहितात, पण ती तारीख इंग्रजीत ५ फेब्रुवारी १८३६ ला पडते. लग्नाचंही तेच, ती आन्सेइ ३ च्या अकराव्या महिन्यात किल्ल्यात गेली म्हणजे डिसेंबर १८५६, आणि लग्नाचा विधी बाराव्या महिन्यात झाला तो इंग्रजी हिशोबाने जानेवारी १८५७ मध्ये जातो. त्यामुळे शीटमध्ये दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा आणि जिथे फक्त एकच मिळते तिथे ती कुठल्या पंचांगातली आहे ते बाजूला नोंदवा.

वयाचंही तसंच. जुन्या जपानी हिशोबात मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि प्रत्येक नवीन वर्षाला एक वाढवायचं. तिचा जन्म वर्षाच्या अगदी शेवटी, त्यामुळे दोन आठवडे व्हायच्या आत ती "दोन वर्षांची" झाली. ती वारली २० नोव्हेंबर १८८३ ला, आपल्या हिशोबाने ४७ वर्षांची, जुन्या हिशोबाने ४९ ची. दोन्ही आकडे छापलेले सापडतात, दोन्ही बरोबर.

शकनामांची यादी शीटच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, काएइ, आन्सेइ, मान्एन, बुन्क्यु, गेन्जी, केइओ, मेइजी, जन्माचं तेन्पो सोडलं तर एवढीच सात लागतात. तिचं किल्ल्यातलं आयुष्य आन्सेइ ते केइओ ह्यात संपतं.

मग येतो लग्न का झालं हा प्रश्न. लोकप्रिय गोष्ट अशी की नारिआकिराला पुढचा शोगुन म्हणून हितोत्सुबाशी योशिनोबु हवा होता, म्हणून त्याने मुलगी पेरली. हे अर्धंच आहे. लग्नाची बोलणी १८५० च्या सुमारास सुरू झाली आणि सुरुवात तोकुगावांच्या बाजूने झाली. इएसादाच्या क्योतोहून आलेल्या दोन बायका वारल्या होत्या, एक १८४८ ला आणि दुसरी १८५० ला, त्याला मूल नव्हतं, आणि शिमाझुंकडून आलेल्या कोदाइइनचा नवरा पन्नासाहून जास्त मुलांचा बाप झाला होता आणि ती स्वतः दीर्घायुषी झाली, तेव्हा तिच्याच माहेरची मुलगी आणू असं किल्ल्यातल्या बायकांना वाटलं. वारसाचं राजकारण त्याला नंतर चिकटलं. वाचताना ही दोन कारणं वेगळी ठेवा, नाहीतर ती सुरुवातीपासून हेर म्हणूनच गेली असं वाटायला लागतं आणि मग पुढचं काहीच जुळत नाही.

१८५३ ते १८५६ ही वर्षं सावकाश वाचा. जुलै १८५३ मध्ये अमेरिकन आरमाराच्या पेरीची चार जहाजं एदोजवळच्या उरागाला येऊन गेली आणि सप्टेंबरात ती कागोशिमाहून निघाली. परत कधीच गेली नाही. पुढच्याच वर्षी जन्मदाते वडील वारले, ती एदोत. नोव्हेंबर १८५५ मध्ये एदोचा मोठा भूकंप झाला, सात्सुमाच्या वाड्याचं नुकसान झालं आणि तिला शिबुयाच्या वाड्यात हलवलं, लग्न पुन्हा लांबलं. म्हणजे तीन वर्षं ही मुलगी सासरच्या शहरात माहेरच्या वाड्यात थांबून आहे. तिच्या रुखवताची सगळी खरेदी ज्याच्याकडे होती तो सात्सुमाचा खालच्या दर्जाचा सामुराई म्हणजे साइगो ताकामोरी. नाव लक्षात ठेवा, शीटमध्ये ठळक करा.

इएसादाबद्दल वाचाल तेव्हा जरा सांभाळून. मंदबुद्धी, आजारी, निकामी असं सरसकट लिहिलेलं असतं. तब्येत खराब होती हे खरं. पण डिसेंबर १८५७ मध्ये अमेरिकेचा टाउनसेंड हॅरिस त्याला भेटला, त्याने रोजनिशीत लिहिलंय की शोगुनने मान मागे झटकली, पाय आपटला, असं तीन-चारदा, आणि मग स्पष्ट, चांगल्या आवाजात बोलला. काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. तेव्हा आत्सुहिमे त्याच किल्ल्यात होती, लग्नाला एक वर्ष होत आलं होतं. संसार एकूण वीसेक महिन्यांचा. ऑगस्ट १८५८ मध्ये इएसादा गेला, ही बातमी महिनाभर बाहेर फोडली नाही, आणि त्याच्यानंतर दहा दिवसांनी तिकडे कागोशिमात नारिआकिरा गेला. नवरा आणि दत्तक बाप दोघंही दहा दिवसांत. वय बावीस. तिला कधी काय कळवलं गेलं ह्याचा विचार करत हे पान वाचा, मला तरी तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जड पान हेच वाटतं, १८६८ नाही.

इथे थांबून ओओकु समजून घ्यावं लागतं, म्हणजे शोगुनच्या किल्ल्यातला बायकांचा भाग. होनमारू ह्या मुख्य वाड्याचे तीन भाग होते: पुढचा राज्यकारभाराचा, मधला शोगुनच्या रोजच्या राहण्याचा, आणि मागचा ओओकु. मधल्या भागातून ओओकुत यायला घंटा लावलेली वाट, ओसुझु-रोका. ओओकुचे पुन्हा तीन तुकडे, शोगुन आणि राणीच्या खोल्या, सेविकांच्या लांबलचक चाळवजा खोल्या, आणि पुरुष अधिकाऱ्यांचं कचेरीवजा अंगण. कागदावर साधा चौकोन काढून हे मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे पण नंतर कुठलीही घटना वाचताना ती नेमकी कुठे घडतेय ते दिसायला लागतं.

ओओकु म्हणजे फक्त अंतःपुर अशी समजूत असेल तर ती सोडा. तिथे ओतोशियोरी नावाच्या वरच्या दर्जाच्या अधिकारी बायका होत्या, मंत्र्यांशी त्यांचा थेट व्यवहार चालायचा, आणि त्यांना न आवडणारा माणूस शोगुन होणं अवघड. योशिनोबुचं घोडं तिथेच अडलं होतं, कारण त्याचा बाप मितोचा नारिआकी ओओकुत कुणालाच खपत नव्हता, इएसादाच्या आईला तर मुळीच नाही. आत्सुहिमेबरोबर आलेली इकुशिमा ही ओतोशियोरी, आधी कोनोए घराण्यातल्या शिमाझु राणीच्या सेवेत होती, तिच्यामार्फत नारिआकिराचे निरोप आत जायचे. आत्सुहिमेची पंचाईत ओळखा, माहेरची मागणी एक, सासूचं मत उलट. १८५८ मध्ये ई नाओसुके ताइरो म्हणजे सगळ्यात वरचा मंत्री झाला आणि वारस ठरला किइ ह्या तोकुगावांच्याच शाखेतला मुलगा, पुढचा इएमोची. माहेर हरलं. आणि ती सासरीच राहिली, विधवा म्हणून, दत्तक मुलाची आई म्हणून.

तिच्या रोजच्या जगण्यातलं काही हवं असेल तर ते मिळतं, कारण ओओकुत काम केलेल्या बायकांनी मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, आठवणी सांगितल्या आणि त्या लिहून ठेवल्या गेल्या. आत जाताना गुप्ततेची शपथ घ्यावी लागायची, त्यामुळे त्या काळातलं आतलं लिखाण कमी, म्हातारपणीच्या आठवणी जास्त. त्यातच तिच्या मांजरीची गोष्ट येते. तिला कुत्री आवडायची पण इएसादाला चालायची नाहीत म्हणून मांजर पाळली, तिचं नाव सातोहिमे. असले तपशील मी आवर्जून शीटमध्ये टाकतो, वेगळ्या रंगात, कारण त्यातून माणूस दिसतो, पण ते आठवणीतून आलेत हेही लिहून ठेवतो.

काझुनोमिया आली की वाचणारे सासू-सुनेच्या भांडणातच अडकतात. सम्राट कोमेइची सावत्र बहीण, लहानपणीच आरिसुगावा तारुहितो ह्या राजपुत्राशी लग्न ठरलेलं, ते मोडून क्योतोचा दरबार आणि शोगुन एक व्हावेत म्हणून तिला इएमोचीला दिली. १८६१ च्या अखेरीस नाकासेन्दोच्या डोंगरवाटेने एदोला आली, मार्च १८६२ मध्ये लग्न. सासू सव्वीसची, सून पुरती सोळाचीही नाही. एदोत राहूनही क्योतोच्या राजवाड्याच्या रीतीनेच राहायचं अशी तिची अट होती आणि ओओकुला आपलीच रीत हवी होती. काझुनोमियाने आणलेल्या भेटीवर "तेन्शोइनला" एवढंच लिहिलं होतं, आदरार्थी काही नाही, म्हणून इकडच्या बायका दुखावल्या. पहिल्या भेटीत तेन्शोइन वरच्या जागी बसली आणि सुनेला बसायला आसनही दिलं नाही, म्हणून तिकडच्या. दोन्ही बाजू वाचा आणि कोण सांगतंय ते बघा. इथेही घराचा रकाना उपयोगी पडतो: तोकुगावांच्या घरात तेन्शोइन सासू म्हणून मोठी, सम्राटाच्या घरातून बघाल तर काझुनोमिया राजकन्या आणि तेन्शोइन तिच्याहून खालची. दोघी आपापल्या घराच्या नियमाने बरोबर होत्या, हे माझं प्रामाणिक मत आहे.

ऑगस्ट १८६६ मध्ये इएमोची ओसाकात वारला, विशीत. काझुनोमिया सेइकान्इन झाली. आता एकाच घरात दोन विधवा. इएमोचीची इच्छा होती तायासु घराण्यातल्या कामेनोसुके ह्या लहान मुलाने वारस व्हावं, तेन्शोइनचं मत तेच, काझुनोमियाला मात्र अशा वाईट काळात इतकं लहान मूल नको वाटलं. योशिनोबु शोगुन झाला. कामेनोसुके पुढे परत येणार आहे.

१८६८ साठी वेगळं पान करा. जानेवारीत तोकुगावांचं आणि सम्राटाच्या बाजूचं सैन्य ह्यांच्यात तोबा-फुशिमीची लढाई, योशिनोबु जहाजाने एदोला पळून येतो, सम्राटाचं सैन्य एदोकडे निघतं. त्या सैन्याचा सरसेनापती कोण, तर आरिसुगावा तारुहितो, काझुनोमियाचा मोडलेला नवरदेव. प्रत्यक्ष सूत्रं कुणाकडे, तर साइगोकडे, ज्याने तेन्शोइनचं रुखवत जमवलं होतं. दोघींची माहेरं सासरच्या दारात सैन्य घेऊन आली. आणि दोघींनी माहेरी पत्रं लिहिली. तेन्शोइनचं सात्सुमाच्या सेनापतीला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, त्याचा छापील मजकूर शोधून वाचा, भाषांतर मिळालं तर भाषांतर. योशिनोबुसाठी ती गयावया करत नाही, त्याचं काय करायचं ते करा पण तोकुगावा हे घर टिकवा असा तिचा मुद्दा आहे. मी सासरी आलेय, मेले तरी तोकुगावांचीच, ही भूमिका. शीट नीट भरली असेल तर हे पत्र वाचताना एकाही टिपेची गरज पडत नाही.

पत्रामुळेच किल्ला वाचला असं मात्र लिहू नका. साइगो आणि तोकुगावांच्या बाजूचा कात्सु काइशु ह्यांच्या बोलण्यातून ठरलं, मागे इतर बरीच कारणं होती, पत्र त्यातलं एक. ३ मे १८६८ ला किल्ला सोपवला गेला. तेन्शोइन आदल्या दिवशी बाहेर पडली, हितोत्सुबाशी वाड्यात गेली. तीनच दिवस जायचंय असं सांगून तिला बाहेर काढलं असं सांगतात.

बहुतेक लेख इथे संपतात आणि ह्याचा मला राग येतो, कारण पुढची पंधरा वर्षं तिने स्वतः निवडलेली आहेत. कामेनोसुके आता तोकुगावा इएसातो झाला, घराचा कर्ता, वय पुरतं पाचही नाही. त्याला तिने वाढवलं. सेन्दागायाच्या वाड्यात राहिली, शिमाझुंकडून पैसे घेतले नाहीत, इएसातोला १८७७ मध्ये इंग्लंडला शिकायला पाठवलं गेलं, १८८२ ला तो परत आला, पुढे तो तीस वर्षं जपानच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता. सुनेशीही जमलं. दोघी कात्सु काइशुकडे आल्या तेव्हा भात कोण कुणाला वाढणार ह्यावरून दोघींची ओढाताण झाली आणि त्याने दोन पळ्या आणून दिल्या, असं तो सांगायचा. कात्सु गोष्ट रंगवून सांगणारा माणूस, तेवढं धरून वाचा. काझुनोमिया सप्टेंबर १८७७ मध्ये हाकोनेच्या तोनोसावात बेरीबेरीने वारली, ३१ वर्षांची. १८८० मध्ये तेन्शोइन त्या बाजूला गेली तेव्हा त्या जागी थांबली आणि कविता लिहिली.

जपानला जाणार असाल तर जागा अशा बघा. तोक्योत राजवाड्याची पूर्व बाग, प्रवेश मोफत, सोमवार-शुक्रवार बंद. किल्ल्याच्या बुरुजाचा दगडी पाया उरलाय, त्याच्या आसपासची हिरवळ म्हणजे ओओकुची जागा. होनमारू वाडा १८६३ ला जळाला तो परत बांधलाच नाही, त्यामुळे इमारत शोधू नका, तुमचा कागदावरचा चौकोन बरोबर घेऊन जा. बाहेर पडताना हिराकावा दरवाज्याने पडा, ओओकुच्या सेविका तिथूनच ये-जा करायच्या. मग झोजोजी देवळात इएमोची आणि काझुनोमिया शेजारी शेजारी आहेत, तिकीट काढून आत जाता येतं. तेन्शोइन उएनोच्या कानएइजीत इएसादाच्या शेजारी आहे पण ती जागा एरवी लोकांना उघडी नसते, खास भेटीचे दिवस आधी तपासा. कागोशिमात तिच्या जन्मघराची दगडी भिंत उरलीय आणि जुन्या किल्ल्याच्या जागेवरच्या रेइमेइकान म्युझियममध्ये तिचा पुतळा आहे.

लग्नाची पालखी मात्र जपानमध्ये नाही, ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. तिचे फोटो ऑनलाइन बघा आणि चिन्हं ओळखा. तोकुगावांचं आओइचं पान आहे, कोनोएंचं पिओनीचं फूल आहे. शिमाझुंचा वर्तुळातला क्रॉस शोधाल तर सापडणार नाही, ती निघाली कोनोएंची मुलगी म्हणून.

मूळ पत्रांचे फोटो मिळाले तर अक्षर बघून घाबरू नका, बायकांच्या पत्रात ओळी पानभर विखरून लिहायची पद्धत होती, जपानी लोकांनाही ती वाचता येत नाही. मिवो नावाचं अॅप आहे, २०२१ पासून, ते जुनं अक्षर आजच्या लिपीत आणून देतं, चुका करतं पण नावं आणि तारखा बऱ्यापैकी पकडतं, आणि तुमच्या शीटला तेवढं पुरतं. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात मेइजी काळातली छापील पुस्तकं फुकट बघता येतात.

शीट पूर्ण झाली की तीच पाच रकान्यांची पद्धत काझुनोमियावर लावा, सुरुवात १८५१ च्या साखरपुड्यापासून, आणि दोन्ही शीट शेजारी ठेवून १८६२ ते १८६८ च्या ओळी एकत्र वाचा.